तुतीवरचं बांडगूळ

२०१७च्या धनत्रयोदशीला सकाळी मला रक्त दिसलं. फार नाही, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा तपकिरी डाग. पण आदल्या वर्षी पुण्यात गरोदरपणाच्या आठव्या आठवड्यात जे झालं, त्याची सुरुवातही अशीच तपकिरी होती. त्यामुळे मी बाथरूमच्या फरशीवर बसले ती बसलेच. दिवाळीच्या पणत्या वॉशिंग मशिनवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, तेवढ्या समोर दिसत होत्या.

आम्ही तेव्हा ग्वांगझौला राहायचो. मोरबीच्या टाइल्स कारखान्यांना लागणारे मशिनचे सुटे भाग शेजारच्या फोशान शहरात जाऊन बघायचे, तपासायचे आणि पाठवायचे, हे नवऱ्याचं काम. ऑक्टोबर म्हणजे कँटन फेअरचा, ग्वांगझौच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाचा महिना. पाहुण्यांची रीघ लागलेली आणि हा सकाळी सातलाच त्यांना आणायला हॉटेलवर गेलेला. घरात मी आणि आयी. आयी म्हणजे आपली आई नव्हे. चिनी भाषेत मावशी-काकूला आयी म्हणतात आणि घरकामाला येणाऱ्या बाईलाही तेच. मी सांगलीला फोनवर "आई" म्हटलं की तिकडून आई आणि स्वयंपाकघरातून ही, दोघी एकदमच ओ द्यायच्या.

काय झालंय ते सांगण्याइतकं चिनी मला येत नव्हतं, पण आयीला सांगावं लागलं नाही. ती दोनच शब्द बोलली, "बाव-थाय." बाव म्हणजे राखणं, थाय म्हणजे गर्भ. मग तिने कपाटातून माझा पासपोर्ट काढला, पर्समध्ये कोंबला आणि मला टॅक्सीत घातलं. कुठे नेतेय हे मी विचारलंही नाही. उतरल्यावर पाटी वाचली तेव्हा कळलं, तिने मला चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात आणलं होतं.

मला रागच आला होता. माझं रक्त जातंय आणि ही मला झाडपाल्याकडे घेऊन आली! पण आत शिरले तर नंबर मोबाइलवर, रक्त घ्यायच्या दहा खिडक्या, सोनोग्राफी तिसऱ्या मजल्यावर. आधी रक्त आणि सोनोग्राफी, ते रिपोर्ट घेऊन मगच डॉक्टर. तिथले चिनी वैद्यकाचे डॉक्टर आधुनिक वैद्यकही शिकलेले असतात. एकाच संगणकावरून काढ्याची चिठ्ठी निघते आणि गोळ्यांचीही. सोनोग्राफीत ६ आठवडे ५ दिवस आले, हृदयाचे ठोके दिसले आणि पिशवीच्या कडेला २३ बाय ११ मिलिमीटरची काळी कोर दिसली. गर्भाच्या आवरणाखाली साचलेलं रक्त. कागदावर निदानाच्या रकान्यात जे लिहिलं होतं ते मोबाइलला दाखवलं, तर त्याने भाषांतर दिलं "पूर्वचिन्ह गर्भपात". मला त्यातला दुसराच शब्द दिसला. खरं तर ते नुसतं लक्षण असतं. आपल्याकडचे डॉक्टरही 'थ्रेटन्ड अबॉर्शन' लिहितात, त्यातही ऐकणारीला दुसराच शब्द ऐकू येतो. या आजाराला नाव देणाऱ्यांत गरोदर बाई कुणी नसावी.

माझा नंबर ६१ होता. आत गेले तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलाभोवती आधीच चार बायका उभ्या. कुणी रिपोर्ट दाखवायला आलेली, कुणी चिठ्ठीवर शिक्का मारून घ्यायला. पडदा वगैरे काही भानगड नाही. माझ्या मागे उभी असलेली बाई वाकून माझा सोनोग्राफीचा कागद वाचत होती आणि वाचून झाल्यावर तिने आयीकडे बघून "ठीक आहे, ठोके आहेत" अशा अर्थाची मान हलवली. मला त्या परक्या बाईच्या मान हलवण्याने जेवढं बरं वाटलं तेवढं नंतर डॉक्टरांच्या बोलण्यानेही वाटलं नाही. चिनी वैद्य तासभर बसवून आयुष्याची कहाणी विचारतात असं मी ऐकून होते. मला सात मिनिटं मिळाली.

त्या सात मिनिटांत त्यांनी छोट्या उशीवर आधी एक मनगट ठेवायला सांगितलं, मग दुसरं, आणि तीन बोटांनी नाडी पाहिली. गर्भारणीची नाडी 'निसरडी' असते म्हणतात, थाळीत मोती घरंगळावेत तशी बोटांखालून जाते. माझी निसरडी होती, पण कोपराकडच्या बाजूला, तिसऱ्या बोटाखाली, क्षीण होती. मग जीभ.

जीभ बघताच त्यांच्या भुवया वर गेल्या. मागे बसलेल्या विद्यार्थिनीला बोलावून त्यांनी तिलाही दाखवली. जिभेवर पिवळा थर म्हणजे अंगात उष्णता, हे त्यांचं शास्त्र. तोंड कोरडं पडतं का, लघवी गडद होते का, संडासला खडा होतो का, सगळ्याला मी नाही म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सकाळी काय घेतलंत?"

हळद-दूध. दिवस राहिल्याचं कळल्यापासून आईच्या सांगण्यावरून मी सकाळी आणि रात्री, चांगली चमचाभर हळद घालून घेत होते. मोबाइलने हळदीचं "ज्यांग-ह्वांग" केलं आणि बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

ज्यांग-ह्वांग त्यांच्याकडे मसाला नाही, औषध आहे. आणि ज्या गटातलं औषध आहे तो गट रक्त हलवणाऱ्यांचा. साचलेलं फोडायचं, अडलेली पाळी आणायची, मार लागून काळंनिळं झालेलं उतरवायचं, असली कामं. गरोदरपणी हा सगळा गटच जपून. हळदीच्याच कुळातलं अ-जू नावाचं एक कंद आहे, ते तर गरोदर बाईला पूर्ण वर्ज्य. ज्या बाईला रक्त थांबवायचंय ती दिवसातून दोनदा रक्त हलवणारं औषध पितेय, आणि वर जीभ रंगवून आमच्या समोर येतेय, असा तो मामला होता. विद्यार्थिनीने ओल्या कापडाने माझी जीभ पुसली. खालची जीभ फिकट होती, कडांना दातांच्या खुणा उमटलेल्या.

"भाजीत घालतो ती?" मी विचारलं.

"किती?"

मी चिमूट करून दाखवली.

"ती भाजी आहे. दूध बंद."

संध्याकाळी हे आईला सांगितलं तर ती मिनिटभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. हळद लावून लग्न लागलेली मी, तिला काय सांगणार.

निदानाचा दुसरा भाग होता 'शन-श्यू'. शन म्हणजे किडनी, श्यू म्हणजे रिकामेपण, क्षीणपण. नवऱ्याने रात्री हे वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. गर्भाचं राहिलंच, हिला किडनीचा आजार? दुसऱ्या दिवशी हट्टाने क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला लावलं. ४८ मायक्रोमोल आलं, म्हणजे अगदी व्यवस्थित. चिनी वैद्यकातली किडनी ही दोन घेवड्याच्या बियांसारखी इंद्रियं नव्हेत हे आम्हाला हळूहळू उमगलं. शन म्हणजे जन्माची पुंजी, बीज, वाढ, हाडं, केस, सगळं ज्याच्यावर चालतं ते भांडवल. ते ओसरलं की गर्भाचा देठ ढिला पडतो, असा त्यांचा हिशोब. आयुर्वेदातला वात जसा पंख्याचा वारा नव्हे, तसंच ते. पण क्रिएटिनिनचा कागद नवऱ्याने अजून जपून ठेवलाय.

चिठ्ठीवर दोन गोष्टी आल्या. एक डायड्रोजेस्टेरॉनची, म्हणजे गर्भ टिकावा म्हणून देतात त्या हार्मोनची गोळी, १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. ही पुण्यातही दिली होती. आणि काढ्याच्या सात पुड्या, रोज एक. रुग्णालयातच काढा उकळून पिशव्यांत सीलबंद करून देतात, ती सोय होती. आयीने ती साफ नाकारली. घरचं ते घरचं. वाटेत उतरून तिने मातीचं एक भांडं घेतलं, तोटी असलेलं, एका बाजूला पोकळ दांडा. लोखंड आणि ॲल्युमिनियम चालत नाही.

पुडी उघडून वर्तमानपत्रावर पसरली तेव्हा वाटीभर कचरा वाटला. काड्या, फांद्यांचे आडवे काप, मुळांच्या चकत्या, आणि मोहरीहून बारीक तपकिरी दाणे. मला नुसतं पडून राहायचं होतं, म्हणून मी आडवी होऊन एकेक नाव शोधत बसले. चिनी नावावरून लॅटिन, लॅटिनवरून मराठी. असं केल्यावर तासाभरात हाती जे आलं त्याने मी एकटीच हसले. बारीक दाणे थूस्झचे, म्हणजे अमरवेलीच्या एका चिनी बहिणीचं बी. तीच पिवळी, पानं नसलेली, कुंपणावर दुसऱ्या झाडाचा रस पिऊन पसरणारी वेल. आणि फांद्यांचे काप सांग-जी-शंगचे. 'सांग' म्हणजे तुती. तुतीवर वाढणारं बांडगूळ!

आमच्याकडे बांडगूळ ही शिवी आहे. तिशी उलटून घरी बसून खाणाऱ्या चुलतभावाला आजोबा बांडगूळ म्हणायचे. आंब्यावर दिसलं की कोयत्याने उतरवायचं. आणि इथे एका अख्ख्या वैद्यकपरंपरेने म्हटलं होतं की दुसऱ्याला इतकं घट्ट धरून राहणं जमतंय ना, मग तेच औषध. शेवटी गर्भ म्हणजे तरी काय? परक्या अंगात मुळं रोवून बसलेला, रस पिणारा पाहुणाच की. दोन बांडगुळं उकळून प्यायची, तिसरं टिकावं म्हणून. यात किती रसायनशास्त्र आणि किती उपमा, ते मला सांगता येणार नाही. पण उपमा कुणाला तरी सुचली ती अचूक सुचली.

या दोघांच्या जोडीला होतं श्यू-द्वान. नावाचाच अर्थ 'तुटलेलं जोडणारं'. मोडलेल्या हाडांवरही देतात. चौथं अ-ज्याव. या चौघांचा मूळ पाठ, म्हणजे औषधाची कृती, जांग शीचुन नावाच्या वैद्यांचा, १८६० ते १९३३ हा त्यांचा काळ. अमरवेलीचं बी चार भाग, बाकी तिन्ही दोन-दोन भाग. त्यांनी बारीक गोळ्या सांगितल्या होत्या, आता बहुतेक ठिकाणी काढाच देतात. गंमत म्हणजे या जांग महाशयांनीच तापावर जिप्सम आणि ॲस्पिरिन एकत्र द्यायचा प्रयोग केला होता. माझ्या चिठ्ठीवर गोळी आणि काढा शेजारी शेजारी होते, ते काही आजचं नाही तर. बाईंनी पाठात आणखी बाय-जू आणि दांग-शन ही मुळं घातली होती, पोट आणि ताकदीसाठी, आणि शा-रन, आपल्या वेलदोड्याच्या नात्यातलं, ओकारीसाठी. जीभ खरोखरीच पिवळी असती तर ह्वांग-चिन नावाचं थंड मूळही आलं असतं. माझं ते हळदीवरून वाचलं, किंवा हुकलं म्हणा.

काढा करायची पद्धत आयीने नवऱ्याला शिकवली. सगळी पुडी थंड पाण्यात अर्धा तास भिजत घालायची, पाणी वर दोन बोटं. मोठ्या आचेवर उकळी, मग बारीक आचेवर चाळीस मिनिटं. गाळायचं. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पंचवीस मिनिटं. दोन्ही पाणी एकत्र करून निम्मं सकाळी, निम्मं रात्री, कोमट. शा-रन आधी टाकायचं नाही, त्याचा वास उडून जातो. ते ठेचून शेवटच्या पाच मिनिटांत. नवऱ्याने याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला, मशिनच्या पार्टचा तपासणी तक्ता असतो तसा, सही करायच्या रकान्यासकट.

मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेऊन बसायचे. तिसऱ्या की चौथ्या रात्री भांड्यात डोकावले तर ते मोहरीसारखे दाणे फुटले होते आणि प्रत्येकातून एक पिवळट पांढरा, गोल गुंडाळलेला धागा बाहेर आला होता. हजारो बारीक वळवळ्या तरंगत होत्या. आयीला वाटलं मला शिसारी आली. तिने समजावलं, हे असं व्हायलाच हवं, तीच तर खऱ्या थूस्झची पारख. नावातला 'स्स' म्हणजे रेशीम. उकळल्यावर बी रेशीम ओकतं. मी नंतर वाचलं, तो धागा म्हणजे बियांतला अंकुर, गर्भच, आत वेटोळं करून बसलेला. त्या रात्री मात्र मी काही बोलले नाही. कप घेतला आणि प्यायले.

चव? कडू-कडू म्हणून सगळे घाबरवतात, पण हा काढा कडू नव्हता. ओल्या लाकडासारखा, थोडा बुळबुळीत, शेवटी जिभेवर गोडसर तुरट. वास मात्र घरभर, आणि लिफ्टपर्यंत. शेजारणी लिफ्टमध्ये वास घेऊन माझ्याकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. तीन महिने होईपर्यंत बोलायचंच नसतं. कँटनी लोक म्हणतात, पोटातलं मूल फार मानी असतं, आधी बोभाटा केला तर रुसतं. आमच्याकडे दृष्ट लागते. सांगलीची आई आणि ग्वांगझौची आयी यांचं एकमत झालेली ही एकमेव गोष्ट. बाकी आई म्हणे शहाळं पी, आयी म्हणे ते थंड. आई म्हणे मुगाचं कढण घे, आयी म्हणे मूग तर त्याहून थंड, वेडी झालीस का. दोघींचा उष्ण-थंडाचा हिशोब सारखाच पक्का आणि दोघींच्या वह्या वेगळ्या. मी मधे पडून भात-वरण खात होते, चिमूटभर हळदीचं.

अ-ज्यावची कथा वेगळी सांगायला हवी. बाकी सगळं झाडाचं, हे नव्हतं. काळपट तपकिरी, काचेसारखी चकचकीत वडी, एकेक ३१.२५ ग्रॅमची. असा विचित्र आकडा का, तर जुन्या मापातलं ते एक ल्यांग. रोज त्यातले १० ग्रॅम फोडून गरम काढ्यात विरघळवायचे. पहिल्या रविवारी नवऱ्याने वडी फडक्यात बांधली आणि सांगलीहून आणलेल्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन ओट्यावर दोन दणके दिले. आयी न्हाणीघरातून जवळजवळ किंचाळत आली. गरोदर बाईच्या घरात ठोकाठोक? खिळा मारत नाहीत, पलंग हलवत नाहीत, गादीवर कात्री ठेवत नाहीत, गर्भाचा जीव हलतो! तिने त्याच्या हातून बत्ता घेतला, वडी उचलली आणि सरळ जिना उतरून तळमजल्यावरच्या रखवालदाराकडे जाऊन फोडून आणली. सात पुड्या होईपर्यंत आमची औषधाची वडी रखवालदार फोडत होता. ग्रहणात विळी धरू न देणाऱ्या माझ्या आजीला हे फार पटलं असतं.

अ-ज्याव म्हणजे काय ते मी पाचव्या दिवशी शोधलं. गाढवाचं कातडं. शानतुंग प्रांतातल्या तोंग-अ गावचं सगळ्यात नावाजलेलं, कातडं दिवसचे दिवस उकळून काढलेला सरस. रक्त वाढवतं आणि थांबवतं, अशी त्याची ख्याती. आमच्या घरात मटण होतं, त्यामुळे सोवळ्याचा प्रश्न नव्हता, आणि लहानपणी सांगलीत गाढविणीचं दूध विकणाऱ्या बाया दारावर यायच्या, ते बाळांना पाजलेलंही मी पाहिलंय. पण दूध वेगळं, हे वेगळं. माझ्या घशाखाली उतरेना. पुढे या सरसाच्या मागणीने आफ्रिकेतली गाढवं इतकी कमी होत गेली की २०२४च्या फेब्रुवारीत आफ्रिकन युनियनने कातड्यांच्या व्यापारावर बंदीचा निर्णय घेतला. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. नुसतं नको वाटलं.

दुसऱ्या भेटीत मी चाचरत विचारलं, हे वगळता येईल का. मला वाटलं, परदेशी बाईचे नखरे म्हणून झाडतील. बाईंनी मान वर न करता एक ओळ खोडली आणि दुसरी टाइप केली. हान-ल्यान-त्साव. औषधाच्या खिडकीवर पुडी मिळाली तेव्हा मी तिथेच लॅटिन नाव शोधलं. माका! आजी परसातून उपटून तेल उकळायची, तो माका. वाळून काळा पडलेला, पण पाने चोळली तर ओळख पटण्यासारखा. चिनी पाठात त्याचं काम रक्त थांबवणं आणि आतली उष्णता उतरवणं. अडीच हजार मैलांवर परक्या देशात पडून राहिलेल्या मला त्या काळ्या चोथ्याने जो धीर दिला, तो औषधी गुणांत मोजता येणारा नाही.

नवव्या आठवड्यात पुन्हा रक्त गेलं, आणि या वेळी लाल. रात्री साडेअकराला. आम्ही तसेच निघालो, आयीला न सांगता, जवळच्या मोठ्या रुग्णालयात. तिथे तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टरने काढ्याचं ऐकून "तो आधी बंद करा" म्हटलं आणि सोनोग्राफी सकाळी आठला होईल असं सांगून आम्हाला बाकावर बसवलं. साडेआठ तास. त्या बाकावर बसून मी मनाशी सगळी उजळणी केली: गाढव नाकारलं म्हणून झालं, हळद प्यायले म्हणून झालं, पुण्यात जिना चढले होते, इथे टॅक्सीत बसले. सकाळी पडद्यावर ठोके दिसले, १७०च्या घरात, आणि काळी कोर निम्म्याने लहान झालेली. दुपारी आमच्या बाईंनी कागद बघून म्हटलं, "बाहेर आलं म्हणून आत कमी झालं." एवढंच. आणि मग, मी न विचारता, पुढे म्हणाल्या: "बीज चांगलं असेल तर धरेल. बीजच बिघडलेलं असेल तर मी धरून ठेवत नाही, ठेवूही नये." सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या बिघाडाने होतात. हे मला पुण्यात कुणी सांगितलं असतं तर मी वर्षभर त्या जिन्याला दोष देत बसले नसते.

मुलगी आता सात वर्षांची आहे. त्यामुळे नात्यात, ओळखीत कुणाला डाग दिसला की मला फोन येतो. "तुझं ते चिनी औषध पाठव ना." मी पाठवत नाही, आणि यावरून एक मावससासू माझ्याशी बोलत नाहीत. एक तर रक्त कशाने जातंय ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. गर्भ नळीत अडकला असेल तर काढा उकळत बसण्यात जीव जाईल. दुसरं, पुडीत काय आहे ते नावावरून ठरत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवायच्या चिनी औषधात एका मुळाच्या जागी सारख्या नावाचं दुसरंच मूळ आलं आणि शंभराच्या आसपास जणींच्या किडन्या बिघडल्या, बऱ्याच जणींच्या कायमच्या गेल्या. त्या खऱ्या किडन्या, क्रिएटिनिनवाल्या.

आणि तिसरं, मला कशाने गुण आला हे मी छातीठोक सांगू शकत नाही. मुलगी रांगत होती तेव्हा, २०१९ साली, ब्रिटनमधल्या प्रिझम नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्त गेलेल्या ४,१५३ बायका. प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत ७५ टक्के जणींना मूल झालं, नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत ७२ टक्के. आधी गर्भपात झालेल्यांना त्यातल्या त्यात जास्त फायदा दिसला, त्यात मी बसते. प्रोजेस्टेरॉन ते माझ्या गोळीतलं नव्हे, पण भावंडच. काढ्यांचं म्हणाल तर २०१२च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या अहवालात, ४४ चाचण्या आणि ५,१०० बायका होत्या. गोळीसोबत काढा घेतलेल्यांचं बरं चाललेलं दिसत होतं, पण चाचण्याच इतक्या ढिसाळ की त्यावरून काढ्याला श्रेय द्यायला आढावा घेणारे तयार नव्हते. मला सगळ्यात लागला तो ७२चा आकडा. काही न घेता शंभरातल्या बहात्तर. म्हणजे मी, काढा, गोळी, माका, रखवालदार, सगळे मिळून कदाचित त्या बहात्तरातच होतो.

नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, पस्तीस दिवस मी रोज दीड तास त्या भांड्यासमोर उभा होतो, काहीतरी झालंच असेल. मी त्याला खोडत नाही. पुण्यातल्या वेळी त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं, तो नुसता पलंगाच्या कडेला बसून राहायचा आणि मला त्याचं तोंड बघवायचं नाही. इथे निदान फ्रिजवर तक्ता होता. त्यावर सगळ्या रकान्यांत सह्या आहेत, रक्त गेलं त्या रात्रीचा एक सोडून.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बारा आठवडे पूर्ण झाल्यावर, शेवटची सोनोग्राफी झाली. कोर नाहीशी झाली होती. मुलीने पडद्यावर हात वर केला होता, किंवा तो पाय असेल. खोलीत नेहमीप्रमाणे चार बायका टेबलाभोवती उभ्या होत्या. या वेळी दारापाशी एक नवीन मुलगी होती, हातात तसाच कागद, डोळे सुजलेले. मी वाकून वाचला. मला चिनी वाचता येत नव्हतं, पण ठोक्यांचा आकडा कुठे असतो ते एव्हाना पाठ झालं होतं. होता. मी आयीकडे बघून मान हलवली, आयीने त्या मुलीकडे बघून.

बाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. जीभ गुलाबी होती. "काढा बंद. गोळी आठवडाभरात कमी करत बंद." मग पुढच्या नंबरचं बटण दाबता दाबता म्हणाल्या, "ज्यांग-ह्वांग भाजीत थोडी जास्त चालेल. दूध अजून नको."

घरी येऊन मी पिठलं केलं. नवऱ्याने सवयीने मातीच्या भांड्यात पाणी भरून ठेवलं होतं, ते ओतून दिलं.